एकाच तुळईचं घर

वर्गात तिला सगळे काटकोन म्हणायचे. भिंतीवरची तसबीर जरा कललेली दिसली की तिचा हात आपोआप पुढे जायचा. शेजारणीच्या वहीतली समासाची रेघ वाकडी असली तरी हिलाच चैन पडायचं नाही. वडील फरशी बसवायचे, तेव्हा हा रोग घरातूनच आलेला.

ह्याच रोगापायी ती वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला मोजणीच्या विषयात गचकली होती. जुन्या इमारतीची मापं घ्यायची आणि तिचे नकाशे काढायचे, असा तो विषय. मागच्या वर्षी तिने एकच भिंत सहा वेळा मोजली, आणि मुदत संपली तेव्हा निम्मा कागद कोरा होता. सर म्हणाले होते, "तुझं काढलेलं बरोबर आहे, पण न काढलेल्याला मी गुण कुठून देऊ?"

यंदा पुन्हा तोच विषय, पुन्हा तीच सहल. फक्त गाव नवं होतं. गाव कसलं, देवाच्या नावाने जगणारी पुराणी नगरी. नदीला लागून दगडी पायऱ्या, पायऱ्यांच्या वर देवळं आणि देवळांच्या मागे एकमेकांच्या अंगावर रेललेल्या गल्ल्या. पहाटे घंटा सुरू झाल्या की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू यायचं नाही. यात्रेकरू ओल्या कपड्यांनी पायऱ्या चढत, डोळे मिटून हात जोडत, आणि गल्लीतल्या घरांकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नसे.

"देव बघायला उभं आयुष्य पडलंय," सरांनी पहिल्याच सकाळी बजावलं. "आपण देवाच्या शेजाऱ्यांची घरं बघायला आलोय. दर जोडीला एक घर. शनिवारी दुपारी बारा वाजता पूर्ण नकाशा माझ्या हातात हवा. अपूर्ण कागद मी उघडूनही बघणार नाही." शेवटचं वाक्य बोलताना ते काटकोनकडेच बघत होते.

तिच्या जोडीला चिमणी होती. अखंड बडबड करणारी, पण मनाने चांगली. दोघींच्या वाट्याला देवळामागच्या गल्लीतलं सुताराचं घर आलं. मोजायला सोपं, माणूस मात्र कठीण.

सुतारकाका दारातच रंधा मारत बसले होते. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटक, भुवयांवर लाकडाचा भुसा. चिमणीने गोड आवाजात सगळं सांगितलं. काकांनी मान वर न करता ऐकून घेतलं.

"याआधी तीन वेळा पोरं येऊन गेली," ते म्हणाले. "घर मोजलं, चहा प्यायले, नकाशा पाठवतो म्हणाले. अजून पाठवताहेत. चला, वाट धरा."

चिमणी लगेच वळली. काटकोन मात्र समोरच्या ओट्यावर बसली आणि तिने बाहेरून दार मोजायला घेतलं. गल्लीत बसायला काकांची परवानगी थोडीच लागत होती! तो दिवस तिने दर्शनी भिंतीत घालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. चिमणीला टेपचं दुसरं टोक धरायला लावून ती खिडक्यांची रुंदी घेत होती, तेवढ्यात आतून ओरडा आला.

"अगं, टेप पोटात लोंबतोय तो! असं माप घेतलंस तर खिडकी दोन सूत रुंद होईल." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे काटकोनला ठाऊक होतं. तिचे वडीलही त्याच भाषेत बोलायचे.

"दोन नाही काका, एकच," ती म्हणाली. "तेवढं मी वजा केलंय."

काका उठून आले. तिची वही हातात घेतली आणि खिडकीला स्वतःची पट्टी लावली. मग वही परत देत विचारलं, "तुझ्या बापाचा धंदा काय?"

"फरशी बसवतात."

"तरीच." काका दारातून बाजूला झाले. "एका अटीवर. नकाशा हातात दिल्याशिवाय गाव सोडायचं नाही. पोस्टाच्या गोष्टी मला सांगायच्या नाहीत."

"दिला शब्द," काटकोन म्हणाली. चिमणीने तिला कोपराने ढोसलं, कारण शनिवारी तीन वाजताची परतीची गाडी होती आणि हातात जेमतेम तीन दिवस उरले होते.

घर आतून देखणं होतं. काकांच्या आजोबांनी बांधलेलं. सागाचे खांब, प्रत्येकाखाली घडीव दगडाची बैठक, आणि मधोमध घराच्या लांबीने धावणारी एक जाडजूड तुळई. वर माळा. माळ्याच्या सगळ्या वाशांचं ओझं त्या एका तुळईवर. काका एकेक सांधा दाखवत होते. ह्यात खिळा नाही, हा आजोबांनी गुडघे दुखत असताना केलेला, म्हणून जरा फसलाय. माळ्यावरच्या खिडकीला मात्र ताजा रंधा मारलेला दिसला.

"घासते मेली," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली. सहा महिन्यांनी छिलतो, पुन्हा घासते."

काटकोनने वहीत लिहून ठेवलं.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर तिने मापं कागदावर मांडली आणि गाडं अडलं. बाहेरून, ह्या गल्लीपासून मागच्या गल्लीपर्यंत घर त्रेचाळीस फूट भरत होतं. आतून मात्र साडेवीस फुटांवर भिंत लागत होती. तुळई त्या भिंतीत संपत नव्हती. भिंतीच्या माथ्याशी चार बोटांची फट होती, फटीत चिंध्या कोंबलेल्या, आणि तुळई त्या फटीतून सरळ पलीकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने काकांना विचारलं. काकांचा चेहरा आक्रसला.

"ती बाजू माझी नाही."

"मग कुणाची?"

"धाकट्याची. बावीस वर्षांपूर्वी वाटणी झाली. आम्ही बोलत नाही." रंध्याचे चार हात जोरात मारून झाल्यावर ते पुढे बोलले. "बापाची हत्यारं भंगारात दिली त्यानं. पटाशा, करवती, गुण्या, सगळं. म्हणे सुतारकी संपली आता. तू माझी बाजू काढ आणि मोकळी हो."

सरांचंही तेच म्हणणं पडलं. "पलीकडे 'दुसऱ्याची मालमत्ता' असं लिही आणि पुढे जा. मागच्या वर्षी काय झालं ते विसरलीस का?"

"सर, तुळई एकच आहे. अर्धी तुळई कशी काढू?"

"रेघ काढतात तशी. भिंतीपाशी थांबवायची."

"ती भिंतीपाशी थांबत नाही, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "वेळ तुझा आहे आणि वर्षही तुझंच आहे."

रात्रभर विचार करायची तिला गरजच पडली नाही. तिने चिमणीला एवढंच विचारलं, "तू येतेस का मी एकटी जाऊ?" चिमणी म्हणाली, "एकटी गेलीस तर टेपचं दुसरं टोक काय देव धरणार आहे?"

मागच्या गल्लीत घराचं दुसरं तोंड निघालं. तिथे तसबिरींना फ्रेम करून देणारं दुकान होतं. भिंतीला टेकवून काचेच्या मोठाल्या तावदानांची चळत, वरती देवादिकांच्या चित्रांची दाटी आणि गल्ल्याच्या पेटीमागे सुतारकाकांचाच चेहरा, फक्त दहा वर्षांनी तरुण. यात्रेकरूंची गर्दी होती. फ्रेमवाल्यांची बायको, काकू, चित्रांवरची धूळ फडक्याने झटकत गिऱ्हाइकांशी बोलत होत्या.

काटकोनने आल्याचं कारण सांगितलं. फ्रेमवाल्यांनी हातोडी खाली ठेवली.

"त्यांनी पाठवलं?"

"नाही. ते नकोच म्हणाले होते."

"मग कशाला आलात?"

"घर अर्धं काढता येत नाही म्हणून."

काकूंना हसू फुटलं. "मोजू द्या हो. पोरी आहेत, घर उचलून नेणार आहेत का?"

"मोजा," फ्रेमवाले म्हणाले. "पण इथला एक शब्दही तिकडे जाता कामा नये."

काटकोनने कबूल केलं आणि कामाला लागली. वाटणीच्या भिंतीजवळ जमिनीपासून तुळईपर्यंत नऊ फूट दोन इंच. सुतारकाकांच्या बाजूलाही तेवढंच होतं, छान. मग ती खोलीच्या मध्यावर आली आणि टेप वर सरकवला. आठ फूट दहा. तिने पुन्हा मोजलं. आठ फूट दहा. मागच्या गल्लीकडच्या टोकाला परत नऊ फूट दीड इंच.

"चुकलं असेल," चिमणी कुजबुजली. "जमीनच फुगली असेल मध्ये. सरळ रेघ मार ना. सर थोडेच शिडी लावून बघायला येणारेत?"

जमीन फुगली असेल, हे काही अगदीच वेडगळ नव्हतं. काटकोनने काकूंकडून पारदर्शक नळीचा तुकडा मागून घेतला, त्यात पाणी भरलं आणि वडील फरशी बसवताना धरतात तशी नळी खोलीच्या दोन टोकांना धरून जमिनीची पातळी तपासली. जमीन सपाट होती. म्हणजे चार इंच जमिनीने नव्हे, तुळईने खाल्ले होते. मधोमध फरशीत एक चौकोनी दगड उठून दिसत होता, काकांच्या बाजूला खांबांखाली होते तसाच. फक्त त्यावर खांब नव्हता.

"इथला खांब?" तिने विचारलं.

"काढला," फ्रेमवाले म्हणाले. "मोठी तावदानं वळवता येईनात. नऊ-दहा वर्षं झाली."

"तुळई वाकलीय, काका. चार इंच. कुणाला तरी दाखवून घ्या."

"जुनं लाकूड आहे, थोडं बसणारच." त्यांनी हातोडी उचलली. "दहा वर्षांत काही झालं नाही ते आता कशाला होईल? तुम्ही मोजायला आलात ना?"

काकू मात्र वर बघत राहिल्या.

शुक्रवारभर आणि शनिवारी उजाडल्यापासून काटकोन कागदावर वाकलेली होती. पूर्ण घर, दोन्ही गल्ल्यांसकट. खाली उभा छेद, म्हणजे घर सुरीने उभं चिरल्यावर आत दिसेल तसं. त्यात तिने तुळई जशी होती तशीच काढली, मधे चार इंच खचलेली. चिमणी शेजारी बसून अंगठ्याएवढ्या कौलांच्या रांगा रेखाटत होती आणि तोंडाने हिशोब सांगत होती. "साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. आता थांब ना गं."

दहा वाजता नकाशा पुरा झाला. सरांना द्यायला दोन तास बाकी होते. शिस्तीने आधी सरांकडे जायला हवं होतं, पण ती तुळई तिला बसू देईना. शब्द न मोडता हे सुतारकाकांना कसं कळावं, याचा विचार ती कालपासून करत होती. तिने कागद गुंडाळला आणि सुतारकाकांचं घर गाठलं.

काकांनी नकाशा कामाच्या फळीवर पसरला. बराच वेळ बोट फिरवत राहिले. आजोबांचा फसलेला सांधा दिसला तेव्हा हसलेही. मग बोट वाटणीच्या भिंतीपाशी आलं आणि थांबलं.

"त्याची बाजू कशाला काढलीस?" त्यांनी कोपऱ्यातली कात्री काढून तिच्यापुढे आपटली. "इथून काप. मला माझं दे."

"नाही कापणार."

"घर माझं आहे!"

"नकाशा माझा आहे, काका. आणि घरं दोन असली तरी तुळई एक आहे. ती मी कागदावरही कापणार नाही. तुम्ही नीट बघा तरी."

तिचाही आवाज चढला होता. चिमणीने मागून तिची ओढणी धरली होती. काकांनी रागाने कागद जवळ ओढला, आणि पुढचं वाक्य त्यांच्या ओठावरच राहिलं.

"इथला खांब काढायला विसरलीस तू."

काटकोनने कागदाचं गुंडाळू पाहणारं टोक हाताने दाबून धरलं.

"अगं, इथे खांब आहे. चौथा. मी लहान असताना त्याला टेकून अभ्यास केलाय." त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "विसरलीस ना?"

"मी जे दिसलं ते सगळं काढलंय, काका."

काकांचं बोट तुळईवरून सरकत मध्यावर गेलं, खचलेल्या जागी थांबलं. त्यांनी तिथलं माप वाचलं. मग मान वर करून माळ्याच्या खिडकीकडे पाहिलं, जी ते दोन वर्षं छिलत होते.

"खिडकी नाही घासत," ते हळूच म्हणाले. "घर उतरतंय."

ते उठले. भिंतीला टेकवलेला सागाचा जाड वासा त्यांनी ओढला. "तू हे टोक धर. बडबडे, तू त्या पाचरा आणि तो मोठा हातोडा घे. चला."

काटकोनने नकाशा गुंडाळून काखेत मारला. घराला वळसा घालून मागच्या गल्लीत जायला दोन मिनिटं लागत. बावीस वर्षांत काकांनी ती दोन मिनिटं चालली नव्हती. गर्दीतून वाट काढत, यात्रेकरूंना "बाजू, बाजू" करत तिघं दुकानापाशी पोचली. फ्रेमवाले काच कापत होते. दारात भाऊ दिसला तसा त्यांच्या हातातला काच कापायचा हिरा जागीच थांबला.

"काय आहे?"

"गिऱ्हाइकं बाहेर काढ," सुतारकाका म्हणाले.

"का म्हणून? इतक्या वर्षांनी येऊन तू मला—"

"भांडण नंतर कर. आधी माणसं बाहेर काढ!"

फ्रेमवाले काटकोनकडे वळले. "शब्द दिला होतास तू."

"एक शब्द बोलले नाही, काका. त्यांनी नकाशा वाचला."

तेवढ्यात काकूंनीच हालचाल केली. "चला हो, दुकान अर्धा तास बंद," म्हणत त्यांनी माणसांना रस्त्यावर काढलं. सुतारकाका स्टुलावर चढले आणि तुळईच्या खालच्या अंगावरून बोटं फिरवू लागले. मध्यावर ती थांबली. त्यांनी अंगठ्याचं नख तिथल्या भेगेत घातलं. नख पूर्ण आत गेलं.

"ये, बघ," ते म्हणाले.

फ्रेमवाले दुसऱ्या स्टुलावर चढले. त्यांनीही बोट लावलं. दोघांचे चेहरे तुळईखाली एका हाताच्या अंतरावर आले होते. धाकट्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"दादा, मला खरंच वाटलं नव्हतं..."

"काचा हलव आधी."

तावदानांची चळत चौघांनी मिळून बाहेर काढली. काकूंनी एकीकडे आतली गादी, शिलाईचं यंत्र, फळीवरचे डबे हलवले. मग मोकळ्या झालेल्या दगडावर आडवी फळी, तिच्यावर उभा वासा. वासा तीन बोटं आखूड भरला. काकांनी खाली पाचर सारली, धाकट्यांनी समोरून दुसरी. दोघे आळीपाळीने ठोकू लागले. काटकोनने वाशाला ओळंबा लावला आणि सांगत राहिली, "इकडे कललाय... अजून... बास." कितव्या तरी घावाला वरून करकर असा आवाज आला आणि सगळ्यांच्या डोक्यावर जुनी धूळ पडली. चिमणी किंचाळली. काकांनी हात वर केला.

"थांब. आता ठोकायचं नाही. वर नाही न्यायची, नुसती धरायची. वर नेलीस तर पूर्ण फाटेल."

"ठाऊक आहे मला," धाकटे म्हणाले. "मीही त्याच बापाचा आहे."

"मग खांब काढताना कुठे गेला होता बाप?"

काकूंनी दोघांच्या मधे पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "आधी पाणी प्या, मग काय ते उकरा."

घड्याळात साडेअकरा झाले होते. चिमणीने काटकोनचा हात धरला. "चल, पळालो तर पोचू."

काटकोन मात्र नव्या टेकूकडे बघत होती. "आता नकाशा चुकीचा झाला," ती म्हणाली.

"काय?"

"छेदात टेकू नाही. घर आता असं नाहीये."

"अगं बाई! एक दिवस जुनं घर चालेल की सरांना!"

"सरांना चालेल," काटकोन म्हणाली आणि फ्रेमच्या फळीवर कागद पसरून खाली वाकली. तिला नापास व्हायची भीती वाटत नव्हती असं नाही.  पण ज्या कागदावरून दोन माणसं जीव मुठीत धरून कामाला लागली, तो कागद अर्धवट खरा ठेवायचा हे तिच्याने होईना. तिने टेकू मोजला, पाचरा मोजल्या, भेगेची लांबी मोजली. धाकटे दिवा धरून उभे राहिले आणि सुतारकाका मापं सांगत गेले, फुटात, इंचात आणि सुतात.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी सर स्वतः दुकानाच्या दारात उभे होते. घामाघूम, आवाज चढलेला. "मी काय सांगितलं होतं? अपूर्ण कागद मी—"

"पूर्ण आहे, सर," काटकोन म्हणाली आणि शेवटचा आकडा लिहिला. "उशीर झालाय. त्याचे गुण कापा."

सरांनी कागद पाहिला, मग वर तुळईकडे, मग टेकूकडे. ते स्टुलावर चढले, आपला टेप काढला आणि मध्यावरची उंची स्वतः मोजली. आठ फूट दहा. त्यांनी भेगेत नख घालून पाहिलं. खाली उतरले तेव्हा आवाज उतरला होता.

"मी भिंतीपाशी थांब म्हणालो होतो."

"हो, सर."

"चूक होती माझी." त्यांनी कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "टेकूखाली आजची तारीख टाक. तो आज आला हे कळायला हवं. आणि उशिराचे पाच गुण जातील."

"जाऊ देत," काटकोन म्हणाली.

मोठ्या कागदाची झेरॉक्स काढणारं दुकान नदीकडच्या रस्त्याला होतं. चिमणी धावत जाऊन दोन प्रती घेऊन आली. दोन्ही पूर्ण घराच्या. एक सुतारकाकांना दिली, एक धाकट्यांना. गाडी सुटायला पाऊण तास उरला होता आणि मागे दोघे भाऊ नवा खांब कुठल्या लाकडाचा करायचा यावर हमरीतुमरीवर आले होते.

दोन महिन्यांनी काटकोनने काकूंना फोन केला. खांब बसला होता. भेगेवर लोखंडी पट्ट्या आवळून झाल्या होत्या. वाटणीची भिंत मात्र जागच्या जागी होती, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

"पण तुझे काका रोज सकाळी येतात गं," काकू म्हणाल्या. "खांब एक सूत वाकडा आहे म्हणतात. हे म्हणतात, डोळे तपासून घे. मग दोघं मोजायला बसतात, आणि माझं दुकान उघडायचं राहतं."